दुसरा खड्डा

भाऊ,

लिहायला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा रांगत होता. तो मोठा झाला, लग्न झालं त्याचं, आणि आता तोही नाही. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली नाही असं नाही, पण पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. आठवण चांगली असली की माणूस लिहीत नाही, मनातल्या मनात हात जोडतो आणि कामाला लागतो. आज लिहितो आहे कारण मला तुमचा राग आला आहे. असा राग, की परवा सभेतून घरी आलो तो पाणीही न पिता ओट्यावर बसून राहिलो. सुनेनं विचारलं, "मामाजी, काऊन असे बसले? बीपीची गोळी घेतली का नाई?" तर तिच्यावरच ओरडलो. तिचा काही दोष नव्हता. दोष तुमचा आहे, आणि तुम्ही ऐकायला नाही, म्हणून कागदावर ओरडतो आहे.

आमच्या वस्तीत विहाराच्या बाजूला मुलांसाठी अभ्यासिका बांधली. पोलीस भरती, तलाठी, बँक, असल्या परीक्षांची पोरं-पोरी तिथे दिवसभर वाचत बसतात. चांगलं काम झालं, मीही वर्गणी दिली. पण वर पत्रे आहेत आणि आपला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिल लागला की आत भट्टी होते. म्हणून समितीनं लोखंडी पत्र्याचे मोठे कूलर आणले आणि खिडक्यांच्या बाहेर स्टँडवर बसवले. ती जागा उघडायला, झाडायला आणि कूलरमध्ये पाणी भरायला माझ्या सुनेला ठेवलं. मुलगा काविळीनं गेला तेव्हापासून घर तिच्यावरच आहे. माझ्या म्हातारपणाचं ओझंही तिच्यावरच. ती कूलर कसा भरते ते मी कुंपणापाशी उभं राहून पाहिलं आहे. साडी खोचलेली, पाय अनवाणी, एका हातात पाइप, दुसरा हात कूलरच्या पत्र्यावर टेकवलेला, आणि पायाखाली सांडलेल्या पाण्याचा चिखल. आपल्याकडे शॉक लागून, कूलरला चिकटून बाई गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात येते. लोक हळहळतात आणि लगेच आपल्या घरचा कूलर भरायला जातात. बायकांनी त्यावर आपला उपाय काढला आहे. भरायच्या आधी उलट्या हातानं पत्र्याला बोट लावून पाहायचं. मुंग्या आल्या तर हसतात. "थोडा मारते माय, पण हवा मस्त देते."

माझी सूनही तेच करते. मी तिला म्हटलं, "बोट लावून पाहू नको." ती म्हणाली, "मग कायनं पाहू?"

अभ्यासिकेची वायरिंग वस्तीतल्याच एका पोरानं केली. नागपूरला शिकून इंजिनिअर झाला, ठेकेदारी करतो, गाडीवरून उतरून सगळ्यांना जय भीम घालतो. पोरगा वाईट नाही, हे मला रागातही लिहावं लागतं. अर्थिंगचा खड्डा त्यानं समोर मीटरपाशी केला, मीठ-कोळसा नीट घातला, पाइप पुरला, आणि मग आवार छान दिसावं म्हणून वरून पेव्हर ब्लॉक बसवून टाकले. पत्र्यात वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता तारेनं त्या खड्ड्यात, जमिनीत जावी, यासाठी तो खड्डा. तो बरोबरच होता. पण एकच होता. तुमच्या हाताखाली दोन खड्डे करायला शिकलेला वायरमन मी; सगळं आवार फिरलो, मागची बाजू पाहिली, पोरं डबे धुतात तिथपर्यंत गेलो. दुसरा नव्हता. त्या दिवसापासून ती कामावर गेली की मी रस्त्याकडे कान लावून बसतो. कोणी पळत येतं आहे का, याकडे.

म्हणून परवाच्या सभेत उभा राहिलो. मी सभेत बोलणारा माणूस नाही. सातवी नापास माणसाला खुर्चीवर बसलेल्यांसमोर घाम येतो. पण तुमचा आधार होता मला. म्हटलं, "दुसरा खड्डा कुठी आहे?"

"दुसरा कायले पाहिजे, आबाजी?" इंजिनिअर म्हणाला. "एक आहे ना समोर."

"नियम आहे. पत्र्याच्या वस्तूले दोन अर्थिंग पाहिजे म्हणजे पाहिजे. दोन वेगळ्या तारा, दोन वेगळे खड्डे. एक मीटरपाशी अन् एक मोरीच्या पाण्यावर."

मागून कोणीतरी खिदळलं. "नियमात मोरी बी लिहून आहे का, आबाजी?"

"आहे!" मी ओरडलो.

इंजिनिअरनं मोबाइल काढला. आधी मला वाटलं फोन लावतो आहे. तो नियम शोधत होता. सापडल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि हळू आवाजात, एखाद्या आजाऱ्याला सांगावं तसं सांगायला लागला. "हे पाहा. दोन तारांची सक्ती मोठ्या मोटरीले आहे, तीन फेजवाल्या. राइस मिल, पाणीपुरवठा, तसल्या. आपला कूलर घरच्या लाइनवर चालते. त्याले एक पक्की अर्थिंग सक्तीची, ती आपण केली. दुसरी देता येते. पण दिलीच पाहिजे असं नाई."

"तुले वाचता येत नाई," मी म्हणालो. नागपूरला शिकलेल्या पोराला. समितीचे अध्यक्ष जुने शाळामास्तर, त्यांनी चष्मा चढवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला, ओठ हलवत दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तो बरोबर सांगून राह्यला, बापू. बस खाली." मी बसलो नाही. तेव्हा त्या पोरानं जे विचारलं ते अजून माझ्या डोक्यात घुमतं आहे. थट्टेनं नाही विचारलं. म्हणाला, "बरं आबाजी, नियम बाजूले ठेवा. तुम्हीच सांगा, दुसरा कायले पाहिजे? कारण पटलं तर ब्लॉक उखडून मी स्वतः खोदून देतो."

भाऊ, माझ्याकडे कारण नव्हतं. आयुष्यभर लोकांची अंगणं खोदत आलो आणि माझ्याकडे कारण नव्हतं. तोंड उघडलं तर पुन्हा तेच निघालं, "नियम आहे." या वेळी सगळेच हसले. मास्तरही हसले.

तुम्हाला बल्लारपूरची तुमची ती खोली आठवते का? मला चुलीच्या धुरासकट आठवते. मी तुमच्या हाताखाली नवीन होतो. नवीन म्हणजे पोर नव्हतो, लग्न झालेलं होतं, बायको गावात वाट पाहत होती. सकाळच्या गाडीनं यायचो, दिवसभर तुमच्यासोबत पाइप ठोकायचो. वहिनी लाखोळीची डाळ आणि भात वाढायच्या आणि जेवण होताच तुम्ही नियमांचं जाड पुस्तक काढायचा. इंग्रजी पुस्तक. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तुम्ही एक बोट ओळीवरून फिरवता आहात आणि मराठीत सांगता आहात. "हे पाय. सगळ्या नियमाचे दोनच ढीग कर डोक्यात. एक 'पाहिजे'चा ढीग. त्यात गिऱ्हाईक रडो का बोंबलो, ऐकाचं नाई. दुसरा ढीग 'जमते तर कर'चा. त्यात गिऱ्हाईकाले विचाराचं, त्याच्या मनानं घ्याचं. या ढिगातलं त्या ढिगात टाकलं का वायरमन मेला, नाईतर गिऱ्हाईक मेला." वहिनी आतून म्हणतात, "जेवताना मरायच्या गोष्टी कायले करता जी?" आणि तुम्ही हसता. मी हसत नाही. मी दोन ढीग करतो आहे. तुम्ही वाचायचा आणि मी डोक्यात रचायचो. पाहिजे, पाहिजे, जमते तर कर, पाहिजे. वही नाही, कागद नाही. तुमचं तोंड हेच माझं पुस्तक होतं. त्या 'पाहिजे'च्या ढिगात तुम्ही दुसरा खड्डा टाकलात. आणि ते खोटं होतं.

मूल गावाच्या बाजूला एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचं काम होतं तो दिवसही मला आठवतो. तुम्ही सामान आणायला गेला होता. घरच्या बाई म्हणाल्या, अंगण आत्ताच सारवलं, एक खड्डा पुरे झाला, तेवढ्यानं काय अडते. मला पटलं. दुसरा खोदला नाही. तुम्ही आलात, मागे गेलात, मोरीपाशी कोरडी, न उकरलेली जमीन पाहिलीत आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातलात. "खोद." मी म्हटलं, जेवून खोदतो. "आधी खोद. अर्थिंगले भूक लागत नाई, अन् करंटले दया येत नाई." भर उन्हात पहार मारून मारून माझ्या तळहाताला फोड आले. बाई ओट्यावरून कुरकुरायला लागल्या तेव्हा तुमचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, माह्या मनावर असतं तर तुमचं अंगण कायले फोडलो असतो? सरकारचा नियम आहे. नाई केलं तर माहं लायसन जाते." बाई आत गेल्या. थोड्या वेळानं आतून ताक आलं. संध्याकाळी बल्लारपूरच्या बाजारात तुम्ही मला जाड रबरी तळाची चप्पल घेऊन दिलीत आणि म्हणालात, अनवाणी माणूस माह्या कामावर नको. मी त्या चपलेवर इतका खूश होतो की पाठीतला धपाटा विसरलो. तुम्ही मला मारलंत ते खरं होतं, चप्पल खरी होती, म्हणून मध्ये जे बोललात तेही खरंच असणार असं धरून चाललो.

त्यावर मी आयुष्य काढलं. तुमच्यानंतर एकटा काम करायला लागलो तेव्हा प्रत्येक घरात भांडलो. कामं हातची गेली. सावली, मूल, चामोर्शीकडच्या गावांत मला 'दोन खड्डेवाला' म्हणायचे. मार्कंड्याच्या जत्रेत एकानं लांबूनच हाक मारली होती, "अंगण झाका रे, दोन खड्डेवाला आला!" बायको चिडायची. म्हणायची, बाकीचे वायरमन एकात भागवतात, तुम्हालाच कोण देव सांगून गेला? मी म्हणायचो, नियम आहे. ती अडाणी, मी शहाणा. मला त्या शब्दाचा माज होता, भाऊ. शाळेनं मला हाकललं होतं, पण सरकारचा नियम माझ्या तोंडात होता.

आणि तो नियमच नव्हता. तुमची मर्जी होती. तुम्हाला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. "हे पुस्तकात नाई, हे माहं आहे." एवढंच. मी ऐकलं नसतं का? खरं सांगायचं तर त्या वयात कदाचित नसतं ऐकलं. त्या मूलच्या बाईचं ऐकलं तसं कोणाचंही ऐकलं असतं. पण नंतर? पाच-सहा उन्हाळे तुमच्यासोबत काढल्यावर? तुम्ही दम्यानं अंथरूण धरलंत तेव्हा मी उशाशी बसत होतो, तेव्हाही नाही? तेव्हा तुम्ही मला पक्कड तेलात ठेवायला सांगितलीत, शिडीला दोर बांधायला सांगितलात, आणि हे नाही सांगितलंत. तुम्हाला वाटलं असेल, सातवी नापास आहे, याला कारण देऊन काय उपयोग, याला भीती दिली की पुरे. बैलाला कारण कोण सांगतं, तुतारीच्या काठीचा खिळा टोचला की झालं.

कारण मला सभेच्या दुसऱ्या दिवशी सापडलं, आणि ते इतकं साधं निघालं की राग दुप्पट झाला. दुपारी मी जुना टेस्टचा बल्ब घेऊन अभ्यासिकेत गेलो. एक तार लाइनला, दुसरी अर्थिंगला. खड्डा चांगला असला की बल्ब भक्क लागतो. तो लाल झाला, विझत्या निखाऱ्यासारखा. मी बाहेर येऊन त्या पेव्हर ब्लॉकवर उभा राहिलो. चपलेतून चटका बसत होता. खाली सगळा मुरूम, थेंबभर ओल नाही, आणि वरून झाकलेलं, म्हणजे कोणी बादलीभर पाणीही टाकू शकत नाही. कोरडी जमीन वीज गिळत नाही. मग मागे गेलो. पोरं डबे धुतात ते पाणी जिथे जातं तिथे मे महिन्यातही हिरवं होतं, कोंबड्या उकरत होत्या. पावसाळ्यात दोन्ही खड्डे सारखे. कूलर लागतात तेव्हा समोरचा सुकतो आणि मोरीचा ओला राहतो. म्हणून मोरी. म्हणून दुसरा. हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आणि मी म्हातारा होऊन, सभेत हसं करून घेऊन, कोंबड्यांकडे पाहून शिकलो.

मी त्या पोराकडे गेलो. कारण पटलं तर खोदतो म्हणाला होता ना. दुसऱ्या गावात त्याचं काम चाललं होतं, तिथे ऑटोनं गेलो. सगळं सांगितलं. मुरूम, ओल, बल्ब. त्यानं मन लावून ऐकलं, पाणी पाजलं आणि म्हणाला, "बल्बानं अर्थिंग मोजत नसते, आबाजी. मशीन असते. इकडचं काम उरकलं का आणतो, मोजू, मग पाहू." मी म्हटलं, "तोपर्यंत ती रोज भरते ना रे." तो म्हणाला, "तोपर्यंत मेन बंद करून भराले सांगा वहिनीले." बरोबर आहे तेही. पण मेन बंद केला की आतले पंखे बंद होतात, आणि अभ्यासाला बसलेली पोरं ओरडतात, आणि ती चालू करून देते. मी पाहिलं आहे.

घरी आलो तर तीच समोर. सभेत मला हसले एवढं तिच्या कानावर आलं होतं. बाकीचं कोणी सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल तर तिनं मानलं नसेल. म्हणाली, "मामाजी, खरं सांगा. नियम आहे का नाई?"

मी तिला कारण सांगू शकलो असतो. मुरूम, ओल, मोरी, सगळं ताजं होतं. पण मी आत्ताच कारण सांगून आलो होतो आणि मला पाणी पाजून परत पाठवलं होतं. आपल्यासारख्यांनी कारण सांगितलं तर लोक मान हलवतात. नियम सांगितला तर खोदतात. त्या मूलच्या अंगणात तुम्हाला हे कळलं होतं, हे मला आता समजतं. समजतं, पण राग जात नाही. त्या बाईशी खोटं बोलायचं होतं ना तुम्हाला, बोला. मी तुमच्या घरचं अन्न खात होतो. माझ्याशी कशाला बोललात?

मी सुनेला म्हटलं, "आहे. पाहिजे म्हणजे पाहिजेच."

"लिहून आहे?"

"लिहून आहे. इंग्रजीत."

दुसऱ्या दिवशी तिनं पाइप गुंडाळून ठेवला आणि अध्यक्षांना तोंडावर सांगितलं, दुसरा खड्डा झाल्याशिवाय मी कूलरले हात लावत नाई, नियम आहे. आता कूलर बंद आहेत. पोरं घामानं भिजताहेत, आयाबाया माझ्या दारावरून जाताना मोठ्यानं बोलतात. "हिच्या सासऱ्यानं भरवलं हिच्या डोक्यात." समिती म्हणते दुसरी बाई पाहू. उद्या सकाळी वंदना झाल्यावर विहारात सभा आहे, तिला बोलावलं आहे. ती जाणार आहे. मला म्हणाली, "तुम्ही नका येऊ, तुम्हाले घाम येते. मी उभी राहून सांगीन, कोणाचा बाप येवो." आणि तो पोरगा खिशातून मोबाइल काढेल.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. घडी करून उशीखाली ठेवीन, बहुतेक. अजून एक सांगायचं राहिलं. मघाशी ती चुलीपाशी भाकर थापता थापता म्हणाली, "मामाजी, त्या नियमाचा नंबर तं सांगा. नंबर असला का माणूस दबते." मी नंबर सांगितला. तोंडाला आला तो. ती आता भाकर उलटता उलटता तो पाठ करते आहे, चुकली की पहिल्यापासून. मला इथे ओट्यावर ऐकू येतं आहे. तिला आत्ता खरं सांगितलं तर उद्या ती जाणार नाही, आणि परवा पुन्हा पाइप हातात घेईल. नाही सांगितलं तर उद्या सगळ्यांसमोर ती खोटी पडेल, माझ्यामुळे. तुम्ही मोठे होता. तुम्ही हे करून बसला होता. काय करू ते लवकर कळवा, भाऊ. सकाळच्या आत कळवा.